धुक्यातला गवा जलरंगात

गवा रंगवताना ट्यूबमधला काळा वापरू नका; अंग सपाट, कोळशासारखं दिसतं. अल्ट्रामरिन निळा आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून गडद रंग करा. पाठीच्या उंचवट्यावर, जिथे आकाशाचा उजेड पडतो, तिथे निळा जास्त, पोटाकडे सिएना.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), सुती. आधी पूर्ण ओला करून याच दोन रंगांचं अगदी पातळ राखाडी धुकं पसरवा. मग थांबा, खरी कसोटी इथेच आहे. पाण्याची चमक गेली, पण कागद हाताला गार लागतोय, तेव्हा शरीराची मागची बाजू भरा. कडा आपोआप विरते. ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल तर फुलकोबीसारखे डाग उठतात, म्हणून ब्रश फडक्यावर टिपून घ्या आणि रंग दाटच ठेवा. वाळल्यावर तो फिका पडतोच.

डोकं, शिंगं आणि खांदा मात्र कागद पूर्ण वाळल्यावर, धारदार कडांनी. डोळ्यातला चमकता ठिपका कोरा सोडा. गुडघ्याखालचे पांढुरके ‘मोजे’ धुक्यात मिसळू द्या. खूर काढायचा मोह होतो, पण ते काढले की धुकं संपलंच.