कॉलेजात मदत केंद्र काढताय? आमच्या या चुका टाळा

आमची पहिली चूक पाटीतच झाली. 'मागासवर्गीय विद्यार्थी मदत केंद्र' असं ठळक लिहून ती ऑफिसच्या खिडकीसमोर लावली. महिनाभर कुणी फिरकलं नाही. फीच्या रांगेतल्या सगळ्यांच्या देखत त्या दारातून आत जायचं म्हणजे जात सांगत फिरण्यासारखंच की! शेवटी टेबल लायब्ररीच्या कोपऱ्यात नेलं, वर नुसतं 'फॉर्म अडलाय? विचारा' लिहिलं. मग पोरं यायला लागली.

वेळही चुकली होती. चार ते सहा. गगनबावडा, शाहूवाडीकडची पोरं तोवर स्टँडवर एसटीची वाट बघत असतात. दुपारच्या सुट्टीत बसा.

खोलीसाठीच्या अर्जात आम्ही दीड पान शाहू महाराजांवर लिहिलं: १९०२ चा नोकऱ्यांतल्या पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम, दसरा चौकातली बोर्डिंगं, सगळं. कोल्हापुरात हे कुणाला पाठ नाही? अर्ज पडून राहिला. नंतर कोण काय विचारायला आलं याची महिन्याभराची नोंद दाखवली, तेव्हा टेबल आणि खुर्च्या मिळाल्या. कॉलेजात कागदावर समान संधी कक्ष असतोच बहुधा; त्याच्या समन्वयकांना आधी भेटा, म्हणजे वेगळी परवानगी मागत बसावं लागत नाही.

येणारे निम्मे प्रश्न महाडीबीटीचे, म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या सरकारी पोर्टलचे. 'अर्ज मंजूर दिसतोय, पैसे नाहीत' म्हटलं की आम्ही पोराला सरळ समाजकल्याणला पाठवायचो. हेलपाटा फुकट. शिष्यवृत्ती आधार सीडिंग असलेल्या, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नसतं. बऱ्याचदा पैसे भलत्याच, विसरलेल्या खात्यात पडलेले असतात. आधी सीडिंग कुठल्या बँकेत आहे ते बघा. अर्ज अजून कॉलेजच्याच लॉगिनला अडकला असेल तर बाहेर कुठं जायची गरजच नाही, आपल्याच ऑफिसातल्या क्लार्ककडं जा. ओबीसी पोरांच्या नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची (घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला) मुदत बऱ्याचदा संपलेली असते, तीही तारीख बघून घ्या.

ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर जातो आणि वडील उसाच्या फडात, तिथं रेंज नाही. म्हणून आम्ही पोरांचे पासवर्ड आमच्या वहीत लिहून ठेवू लागलो. सोयीचं वाटलं, पण सगळ्यात वाईट चूक हीच. एकदा ती वही कँटीनच्या बाकावर राहिली. मिळाली, पण तासभर पोटात गोळा होता. आता पासवर्ड ज्याचा त्यानंच टाकायचा, आधारची झेरॉक्स ठेवून घ्यायची नाही, आणि मोबाईल नंबर बदलायचा तर आधार केंद्रात पोरासोबत जायचं.

बाकी सगळं केंद्र माझ्या फोनमध्ये होतं. माझी परीक्षा लागली आणि केंद्र बंद पडलं. आता पहिल्या वर्षाच्या दोघी टेबलावर बसतात. प्रश्नांची वही ड्रॉवरमध्ये, चावी ग्रंथपाल मॅडमकडं.