आगोटीआधी प्रबंधाला एआय जोडताना

मे संपत आला की आमच्या रत्नागिरीत घराघरांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, कामं निघतात. लाकडं आत घेतात, सोलं आणि सुकट डब्यांत भरतात, कौलं परततात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्यामुळे होड्या वर ओढल्या की मत्स्यशास्त्राची मुलं लिहायला बसतात. यंदा त्यातल्या बऱ्याच जणांनी मला एकच विचारलं, की ओव्हरलीफवरचा, म्हणजे इंटरनेटवर मिळून लिहायच्या त्या संकेतस्थळावरचा, प्रबंध एआय सहाय्यकाला थेट जोडायचा कसा. जोडणी अर्ध्या तासाची आहे. तिच्याआधीची तयारी दोन दिवस खाते, आणि ती पाऊस सुरू व्हायच्या आत उरकायला हवी.

सगळ्यात आधी मार्गदर्शकांशी आणि सहलेखकांशी बोला. ओव्हरलीफवरचा मजकूर एकट्याचा नसतो. तुम्ही सहाय्यकाला दार उघडलंत की मॅडमनी लिहिलेला परिच्छेद आणि मित्राने गोळा केलेली आकडेवारीही त्याच्यापुढे जाते. त्यांना विचारून घ्या, आणि होकार लेखी असू द्या, व्हॉट्सअॅपवर असला तरी चालेल. त्याच बोलण्यात जाहीर करायच्या वाक्याचंही ठरवा. प्रकाशनातल्या सदाचारासाठी काम करणाऱ्या कोप या संस्थेने २०२३ मध्येच स्पष्ट केलं, की एआय लेखक होऊ शकत नाही आणि वापर केला असेल तर तो सांगायला हवा. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याबद्दलचे नियम २०१८ पासून लागू आहेत. सहाय्यकाने दुसऱ्याची वाक्यं उचलून दिली, तरी जबाब तुम्हालाच द्यावा लागेल.

मग प्रकल्प कुणाच्या खात्यावर आहे ते बघा. बाहेरचं साधन ओव्हरलीफला जोडायचा सरळ मार्ग म्हणजे गिट, फाइलींतले बदल नोंदवून त्यांची देवाणघेवाण करणारं साधन, आणि ती सोय सशुल्क योजनेत येते. मात्र प्रकल्पाच्या मालकाकडे ती योजना असेल, तर त्या प्रकल्पापुरती सहलेखकांनाही मिळते. म्हणून स्वतः पैसे भरण्याआधी संस्थेकडे किंवा मार्गदर्शकांकडे खातं आहे का, ते विचारा. नसेल तर खट्टू होऊ नका. मेनूतून प्रकल्पाची झिप फाइल उतरवायची, घरच्या संगणकावर सहाय्यकाकडून काम करून घ्यायचं आणि तपासलेली फाइल परत चढवायची. वेळ जास्त जातो, पण बाकीची सगळी तयारी तशीच लागू पडते.

गिटने उतरवलेली प्रत आपल्या किनाऱ्यावर एरवीही मोलाची आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडेच्या आठवडे गेले. इंटरनेट गेलं की ओव्हरलीफवरचा प्रबंध हाताशी राहत नाही, लॅपटॉपवरची प्रत मात्र राहते. म्हणून सहाय्यक जोडा किंवा जोडू नका, ही प्रत आजच उतरवून घ्या. ओव्हरलीफच्या इतिहासात त्या दिवसाच्या आवृत्तीला ‘एआयपूर्वी’ असं लेबलही लावून ठेवा.

आता टोकन. ओव्हरलीफच्या खात्यात जाऊन गिटसाठी टोकन तयार करायचं आणि ते पासवर्डच्या जागी द्यायचं. हे टोकन म्हणजे घराची किल्ली आहे. ते सहाय्यकाशी चालणाऱ्या संवादात चिकटवू नका, प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, गटावर पाठवू नका. काही जण एमसीपीच्या वाटेने जोडणी करतात. एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केलेली पद्धत. तिच्यामुळे सहाय्यकाला बाहेरच्या फाइली आणि साधनं एका ठरलेल्या रीतीने वापरता येतात. ओव्हरलीफसाठी लोकांनी असे छोटे सर्व्हर लिहिले आहेत, पण कुणीही लिहिलेला सर्व्हर आपल्या टोकनसह चालवायचा तर त्याचा कोड वाचणारा माणूस जवळ हवा. तो नसेल तर माझा सल्ला साधा आहे: सहाय्यकाला फक्त लॅपटॉपवरच्या त्या एका फोल्डरमध्ये काम करू द्या आणि बदल वर, म्हणजे ओव्हरलीफवर, पाठवायची आज्ञा स्वतःच्या हाताने द्या.

फोल्डर आधी झाडून घ्या. मच्छीमारांच्या मुलाखती, त्यांची नावं, फोन नंबर, बोटींचे नोंदणी क्रमांक तिथे पडलेले असतील तर बाहेर काढा. मिरकरवाड्याच्या जेटीवर ज्या माणसाने तुमच्यावर भरवसा ठेवून आपली कमाई सांगितली, त्याने ती कुठल्या कंपनीच्या सर्व्हरला सांगितली नव्हती. दुसऱ्यांचे उतरवलेले लेखही वेगळे ठेवा. २०२५ मध्ये काही प्रीप्रिंटमध्ये, म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेल्या लेखांत, पांढऱ्या अक्षरांत लपवलेल्या, एआयला उद्देशून लिहिलेल्या सूचना सापडल्या होत्या. माणसाला त्या दिसत नाहीत, सहाय्यक मात्र वाचतो आणि कधी ऐकतोही.

फोल्डर स्वच्छ झाला की मजकुराची मांडणी बदला. एका ओळीत एकच वाक्य. हे काम कंटाळवाणं आहे, पण याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. गिट ओळीओळीने फरक दाखवतं. अख्खा परिच्छेद एका लांबलचक ओळीत असेल, तर एक शब्द बदलला तरी सगळा परिच्छेद बदलल्यासारखा दिसतो, आणि तुम्ही कंटाळून न वाचताच होकार देता. निकालांचे तक्ते वेगळ्या फाइलींत काढा आणि त्या फाइलींना हात लावायचा नाही, असं सहाय्यकाला पहिल्याच सूचनेत बजावा.

त्याच सूचनांमध्ये आपल्या शब्दांची यादी द्या. मी हे एकदा केलं नव्हतं. माझ्या इंग्रजी मसुद्यात रापणीसाठी ‘शोअर सीन’ असा शब्द होता. भाषा सुधारताना सहाय्यकाने तीन ठिकाणी त्याचं ट्रॉलिंग करून टाकलं. किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायचं जाळं आणि बोटीमागे फरफटत नेलं जाणारं जाळं यांत केवढा फरक आहे, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही कळतं. वाक्यं इतकी गुळगुळीत झाली होती, की दुसऱ्या वाचनात मलाही चूक दिसली नाही, तिसऱ्यात दिसली. तेव्हापासून मी यादी देतो: रापण म्हणजे शोअर सीन, तारली म्हणजे सार्डिनेला लाँजिसेप्स, बांगडा म्हणजे रास्ट्रेलिगर कनागुर्टा, शास्त्रीय नावं तिरक्या अक्षरांत, आणि यातलं काहीही बदलायचं नाही.

पहिली चाचणी एका पानावर घ्या. सहलेखकांना कळवा की अमुक प्रकरणात तासभर कुणी लिहू नका. ओव्हरलीफवरचे ताजे बदल आधी खाली ओढा, मग सहाय्यकाला काम द्या, फरक वाचा, कंपाइल करा, म्हणजे मजकुराची पीडीएफ बनवा, आणि त्यानंतरच वर पाठवा. ओव्हरलीफ गिटची एकच शाखा, म्हणजे बदलांची एकच साखळी, ओळखतं आणि वरचं पुसून जबरदस्तीने पाठवलेले बदल घेत नाही, तेव्हा गुंता झाला तर तो आपल्याच लॅपटॉपवर सोडवावा लागतो. मराठी सारांश असेल तर कंपायलर, म्हणजे पीडीएफ बनवणारा प्रोग्रॅम, झीलाटेक ठेवलाय ना, ते पाहा. ही निवड मेनूत असते, गिटबरोबर खाली येत नाही.

कंपाइल झालं म्हणजे सगळं ठीक, असं मात्र धरून चालू नका. लाटेकमध्ये, म्हणजे ओव्हरलीफवर मजकूर ज्या खुणांच्या भाषेत लिहितात तिच्यात, टक्क्याचं चिन्ह आलं की त्या ओळीतला पुढचा मजकूर टिप्पणी समजून सोडून दिला जातो. सहाय्यक चिन्हाच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायला विसरला, तर ‘जाळ्यात बांगडा ४०’ एवढंच छापलं जातं, पुढचं अर्धं वाक्य गायब, आणि बहुतेक वेळा चूक झाल्याचा संदेशही येत नाही. म्हणून पीडीएफ उघडून बदललेली प्रत्येक ओळ वाचा. चौकटी कंसात प्रश्नचिन्ह दिसलं तर संदर्भाची खूण बदलली गेली आहे. नवा संदर्भ दिसला तर त्याचा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, उघडून मूळ लेख स्वतः बघा. सहाय्यक कधी कधी अस्तित्वातच नसलेले लेख खऱ्यासारखी नावं आणि वर्षं देऊन लिहितो. संदर्भसूचीची फाइल मी म्हणूनच त्याच्या हाती देत नाही, ती झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधून स्वतः काढतो.

प्रबंध सादर झाला की ओव्हरलीफच्या खात्यात जाऊन ते टोकन काढून टाका. तोवर रोज संध्याकाळी, ढग भरून आले की, लाइट जायच्या आत एकदा बदल खाली ओढून घ्या आणि पेनड्राइव्हवर प्रत ठेवा.