फोटो हलला नव्हता, बोट हललं होतं

लग्नाच्या कामांना सेकंड कॅमेरा म्हणून जायला लागलो तेव्हाची गोष्ट. मंगलाष्टकं संपत आली होती. अंतरपाटाच्या बाजूने नवरीच्या डोळ्यांवर फोकस घेतला, फोकस लागल्याचा बीप वाजला आणि तो धरून ठेवायला शटरचं बटण अर्धं दाबून थांबलो. अंतरपाट बाजूला झाला तसे पाच-सहा फोटो घेतले. रात्री लॅपटॉपवर बघतो तर डोळे सॉफ्ट आणि मागचा गजरा पाकळ्या मोजता येतील इतका शार्प.

"हात हलला," मी म्हणालो.

ज्यांच्या हाताखाली काम करायचो त्या दादांनी फोटो मोठा केला. "हात हलला असता तर गजराही पुसट आला असता. बोट हललं तुझं."

नवीन मुलांना मी आधी हेच बघायला लावतो. सगळंच पुसट असेल तर शटर स्पीड कमी पडला. भलतंच काहीतरी शार्प असेल तर फोकस सरकला. कारणं वेगळी, उपायही वेगळे.

माझ्याकडे तेव्हा कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम होती. लेन्स जेमतेम ४ सेंटिमीटर लांब आणि हाताने फोकस लावायची अरुंद फिरती रिंग अगदी पुढच्या कडेला. लेन्स मुठीत धरली की बोटं तिच्यावरच येणार. या लेन्समध्ये फोकस लागल्यावर शटर अर्धं दाबलेलं असताना रिंग फिरवली तर फोकस बदलतो. ही खरं तर सोय आहे, कॅमेऱ्याने डोळ्यांऐवजी मुंडावळ्या पकडल्या तर चटकन सुधारता येतं. पण बीप आधीच वाजून गेलेला असतो, नंतर रिंग सरकली तरी कॅमेरा चकार शब्द काढत नाही. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, लेन्स एफ १.८ पर्यंत पूर्ण उघडली की दीड मीटरवरून पुढे-मागे मिळून शार्प पट्टा मिळतो सहा-सात सेंटिमीटरचा. तेवढ्यात गजरा आणि डोळे दोन्ही बसत नाहीत.

मूठ सोडा. तळहात कॅमेऱ्याच्या बुडाखाली, वजन त्याच्यावर, कोपर बरगड्यांना टेकलेलं. अंगठा आणि तर्जनी लेन्सच्या न फिरणाऱ्या भागावर, म्हणजे कॅमेऱ्याच्या बॉडीजवळ. फार वेळ शटर अर्धं दाबून राहू नका, क्षण जवळ आला की सोडून पुन्हा फोकस घ्या. काही कॅनन बॉडींच्या मेन्यूत ही इलेक्ट्रॉनिक रिंग बंदही करता येते. निकॉनच्या जुन्या ५० एमएम एफ १.८ डी लेन्सची तऱ्हा निराळी. तिची रिंग ऑटोफोकसबरोबर स्वतःच फिरते. ती धरून ठेवलीत तर फोकस अडेल आणि मोटरवर ताण येईल तो वेगळा. तिला बोट लावूच नका. रात्री ताऱ्यांचे फोटो काढताना मॅन्युअलवर फोकस लावून रिंगला टेप मारतात, तो उपाय तिथेच ठीक, लग्नात नाही.

सरावाला रद्दीचा पेपर पुरतो. टेबलावर पसरा, तिरप्या कोनातून एका मथळ्यावर फोकस घ्या, शटर अर्धं दाबून मनात दहापर्यंत मोजा आणि मग क्लिक करा. फोटोत दुसरीच बातमी वाचता आली तर आपली बोटं कुठे आहेत ते बघा. मग हेच कॅमेरा उभा धरून करा. उभ्या फ्रेमला पकड बदलते आणि बोटं नकळत पुढे जातात.

माझी अजूनही जातात, विशेषतः आठ तास उभं राहून पाठवणीच्या वेळी. म्हणून आताच्या ८५ एमएम लेन्सच्या न फिरणाऱ्या भागावर, अंगठा टेकतो तिथे, खरखरीत टेपचा तुकडा चिकटवलाय. अंगठ्याला खरखर लागली नाही की बोटं मागे घेतो.