रुळावरचा धोका कोणत्या वर्गात टाकायचा? पी-वेत नव्याने येणाऱ्यांसाठी

गोंदिया–बल्लारशा मार्गावर, वडसा ते सिंदेवाही या भागात मी पी-वेचं, म्हणजे रेल्वेच्या रुळांच्या देखभालीचं, काम करते. डिप्लोमा करून जेई (ज्युनिअर इंजिनिअर) म्हणून आलेली मुलंमुली पहिल्याच आठवड्यात विचारतात, धोका ठरवायचा कसा? आकडे नियमपुस्तकात आहेत, ते पाठच हवेत. पण आकडा कोणत्या दिवसांत आणि कुठे उभं राहून घेतला, यावर बरंच काही ठरतं.

रुळातल्या दोषाचं त्या मानाने सरळ आहे. अल्ट्रासॉनिक तपासणीत आयएमआर, म्हणजे रूळ तातडीने बदलावा लागेल असा दोष, निघाला, की रुळाच्या दोन्ही बाजूंना लाल रंगाच्या तीन फुल्या, लगेच ताशी 30 किमीचं किंवा त्याहून कडक बंधन आणि तीन दिवसांत तुकडा बदली. ओबीएस, म्हणजे नजर ठेवायचा दोष, असेल तर एक फुली, तीन दिवसांत जॉगल्ड फिशप्लेट (दोषाच्या जागी रुळाला आधार देणारी लोखंडी पट्टी) आवळायची आणि पुढच्या प्रत्येक फेरीत तो दोष वाढला का, ते पाहायचं. इथे चर्चेला जागा नाही. गाड्या उशिरा धावताहेत म्हणून कोणी फोनवर गळ घातली, तरी बंधन लावाच.

फाटकाचं तसं नाही. दिवसभरातल्या गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरची वाहनं म्हणजे टीव्हीयू. मोटार किंवा बैलगाडी एक धरतात, ऑटो अर्धा. 50,000 च्या वर स्पेशल, 30,000 च्या वर ए, 20,000 च्या वर बी, उरलेली सी. समजा 20 गाड्या आणि 450 वाहनं, तर झाले 9,000, म्हणजे सी. आमच्याकडची बहुतेक फाटकं अशीच. एका उन्हाळ्यात मोजणी सुरू असताना गेटमन म्हणाले, “साहेब, आता काहून मोजून राह्यले? रोवणीच्या टायमाले या.” अगदी खरं बोलले. धानाच्या रोवणीत भल्या पहाटे मजुरांनी भरलेले ट्रॅक्टर निघतात, दिवाळीनंतर धानाच्या गाड्या खरेदी केंद्राकडे लागतात. म्हणून मोजणीच्या कागदावर हंगाम लिहा. वळणामुळे गाडी उशिरा दिसते का, रस्ता तिरका येतो का, तेही लिहा; टीव्हीयूत यातलं काहीच येत नाही.

मला सगळ्यात जास्त धास्ती तलावांची. झाडीपट्टीत कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव आणि बोड्या (लहान तळी) जागोजागी आहेत. त्यातल्या ज्यांची पाळ फुटली तर पाणी रुळावर येईल, त्यांची यादी रेल्वेकडे ‘आरएटी’ म्हणून असते. पावसाळ्याआधी राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांसोबत त्यांची पाहणी करायची. पाळ आपल्या हद्दीत नसते, पण गिट्टी आणि भराव वाहून गेला तर गाडी आपली. पाळीवर नुसतं चालून परत येऊ नका, मागच्या उताराला पायथ्यापर्यंत उतरा. मे महिन्यात आजूबाजूचं सगळं वाळलेलं असताना तिथे एखादा पट्टा हिरवागार दिसला, तर पाझर आहे असं धरून चाला. खेकड्यांची बिळं बघा. सांडव्यात बेशरमाची झुडपं माजली आहेत का, मासेमारीची जाळी आडवी बांधली आहेत का, तेही बघा. सांडवा तुंबला की पाणी पाळीवरून जातं आणि मातीची पाळ तेवढ्याने फुटते. हे बघून झालं, की तलावाच्या खाली रुळाला जी मोरी आहे तिची रुंदी मोजा, आलेलं पाणी तिच्यातून निघेल का ते कळतं.

उन्हाळ्यात रूळ ठरलेल्या तापमानापेक्षा 20 अंशांनी जास्त तापला, की गस्त सुरू होते. पावसाळ्यात ती रात्रीची असते आणि आमचा मार्ग वाघांच्या जंगलातून जातो. नोव्हेंबर 2018 मध्ये याच मार्गावर, चंद्रपूर जिल्ह्यात, वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. धोक्याची यादी करताना गस्तवाल्याचं नाव त्यात धरा. जंगलाच्या टप्प्यात माणूस एकटा पाठवू नका, जोडीनेच पाठवा. मनुष्यबळ कमी पडलं तर तसं लेखी कळवा.

नवीन सेक्शन मिळाला, की पहिल्याच महिन्यात आरएटीची यादी मागून घ्या आणि प्रत्येक तलावाखालच्या गावात दोन माणसं ओळखीची करा, एक शेतकरी आणि एक ढिवर (मासेमारी करणारा). पाळ खचायला लागली की आधी त्यांनाच कळतं. त्यांच्याकडे तुमचा नंबर असायला हवा.