दूध पचत नाही म्हणून सोनोग्राफी? या चुका टाळा

दूध प्यायल्यावर पोट फुगते म्हणून सोनोग्राफीच्या रांगेत बसलेले रुग्ण मला इंदूरमध्ये दर आठवड्याला भेटतात. त्यांच्या चिठ्ठीवर ‘लॅक्टोज इनटॉलरन्स (दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचणे) आहे का?’ असे लिहिलेले असते आणि माझे यंत्र त्याचे उत्तर देऊ शकत नाही. ही साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) लहान आतड्याच्या अस्तरावर असते. सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयमध्ये आतडे दिसते, विकराची कमतरता दिसत नाही. पडद्यावर वायू आणि पाणी दिसते खरे, पण रात्री हरभऱ्याची उसळ खाल्लेल्या धडधाकट माणसाच्या पोटातही ते दिसते. पूर्वी बेरियममध्ये (एक्स-रेत आतडे उठून दिसावे म्हणून पाजायचे द्रावण) लॅक्टोज मिसळून एक्स-रे काढत असत. श्वासचाचणी आल्यावर ती पद्धत मागे पडली.

लोकमान्यनगरातले एक निवृत्त काका वर्षभरातले तीन रिपोर्ट घेऊन आले होते. तिन्हींत आतड्यात वायू, बाकी सगळे नॉर्मल. ‘डॉक्टरसाहेब, आता सीटीच करा, एकदाचा सोक्षमोक्ष होऊ द्या,’ असा त्यांचा आग्रह. मी फक्त खाण्याची चौकशी केली, तेव्हा आठवड्यातून तीनदा सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, रबडी आणि वर शिकंजी असल्याचे कळले. आपल्याकडची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, चांगली दाट दुधाची. मी त्यांना हायड्रोजन श्वासचाचणीला पाठवले. न पचलेले लॅक्टोज आतड्यातील जिवाणू आंबवतात, त्यातून निघणारा हायड्रोजन या चाचणीत श्वासात मोजतात.

तिथे दुसरी चूक झाली. आदल्या रात्री राजमा खाऊन, आणि अँटिबायोटिकचा कोर्स संपून जेमतेम आठवडा झालेला असताना, काका चाचणीला जाऊन बसले. लॅक्टोज पिण्याआधीच श्वासातला हायड्रोजन चढलेला निघाला, त्यामुळे चाचणी रद्द झाली. महिनाभर थांबा म्हटल्यावर ते माझ्यावरच चिडले. मी रुग्णाला चार गोष्टी कागदावर लिहून देतो: अँटिबायोटिकनंतर चार आठवडे थांबणे, आदल्या रात्री नुसता पांढरा भात, त्यानंतर बारा तास उपास आणि विडी-सिगारेट बंद. दुसऱ्या खेपेस 25 ग्रॅम लॅक्टोज घेतल्यावर काकांचा आकडा मूळ पातळीपेक्षा 20 पीपीएमहून (दहा लाख भागांत 20 भाग) अधिक चढला आणि त्याच वेळी पोटही गुडगुडू लागले. म्हणजे लॅक्टोज इनटॉलरन्सच.

दुधाची अ‍ॅलर्जी हा वेगळा आजार आहे. त्यात दुधातील प्रथिनांना शरीराची रोगप्रतिकारशक्ती विरोध करते. लॅक्टोज इनटॉलरन्सचे निदान होताच दही-पनीरही बंद करणे हा उतावळेपणा आहे, कारण एका कपातील सुमारे 12 ग्रॅम लॅक्टोज अनेकांना सोसते आणि दही तर दुधापेक्षा सहज पचते. मात्र वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर दुधाला दोष देत न बसता लगेच पोटविकारतज्ज्ञांना दाखवावे. तेव्हा सीटीलाही मी नाही म्हणणार नाही.