अपघाताचा क्लेम: केसपेपरवरच्या पहिल्या ओळीपासून लोकअदालतीतल्या सहीपर्यंत, या चुका टाळा

मणक्याला मार लागून कंबरेखालचं अंग निकामी होणं, मेंदूला मार लागून माणूस पार बदलून जाणं, हात किंवा पाय कापावा लागणं, भाजून सांधे आखडणं. अशा जन्मभराच्या दुखापतींच्या मोटार अपघात दाव्यांत मी अर्जदारांच्या बाजूने काम करते. कुटुंबं नवी येतात, पण फाईल बघितली की त्याच त्या चुका दिसतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात या माणसांसाठी पुष्कळ काही आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही वेळोवेळी त्यात भर घातली आहे. तरी हातात निम्मंच पडतं. बहुतेक वेळा त्याचं मूळ अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यात घाईने बोललेल्या एखाद्या वाक्यात किंवा फेकून दिलेल्या एखाद्या कागदात सापडतं.

कॅज्युअल्टीत ‘गाडी घसरली’ असं सांगणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही.

एक तरुण फॅब्रिकेटर काम आटोपून मोटारसायकलवरून घरी निघाला होता. मागून आलेल्या टेम्पोने त्याला उडवलं. मणका मोडला, दोन्ही पायांतली ताकद गेली. कॅज्युअल्टीत चुलतभाऊ सोबत होता. त्याला तिथल्याच कुणीतरी बाजूला घेऊन सांगितलं, ‘ॲक्सिडेंट म्हणालास तर पोलीस येईपर्यंत पेशंटला हात लावणार नाहीत. गाडी घसरली म्हण.’ भावाचा जीव टांगणीला लागलेला, त्याने तेच सांगितलं. डॉक्टरांनी केसपेपरवर एक ओळ खरडली: ‘हिस्टरी ऑफ स्लिप फ्रॉम बाइक’. मग ऑपरेशन, रक्ताच्या बाटल्या, पैशांची जमवाजमव. टेम्पोचा नंबर देऊन फिर्याद नोंदवली तोवर महिना होत आला होता.

विमा कंपनीच्या वकिलांना उलटतपासात फार कष्ट पडले नाहीत. त्यांनी तो केसपेपर भावासमोर धरला. ‘ही माहिती तुम्हीच दिली ना?’ हो. ‘यात टेम्पोचा उल्लेख आहे?’ नाही. ‘फिर्याद महिन्याने दिली?’ हो. कंपनीचं म्हणणं एवढंच होतं की गाडी घसरूनच पडला आणि विमा असलेला टेम्पो नंतर घुसवला. असे खोटे क्लेम खरोखर दाखल होतात, त्यामुळे न्यायाधिकरणाला, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला, शंका येते ती साहजिक आहे. भोगावं लागतं ते खऱ्या जखमीला.

त्याला तारलं दोन गोष्टींनी. ॲम्ब्युलन्सच्या शीटवर ‘मागून टेम्पोची धडक’ अशी नोंद होती. आणि त्याची मोटारसायकल घरच्या अंगणात जशीच्या तशी पडून होती. मागचं मडगार्ड आत दबलेलं, नंबरप्लेटच्या कडेला टेम्पोच्या रंगाचे निळे ओरखडे. पंचनाम्यात ते आलं. दावा मंजूर झाला, पण ती शीट मिळवून तिचा साक्षीदार उभा करेपर्यंत इतका काळ गेला, की औषधपाण्यासाठी घरच्यांनी तोवर जमिनीचा तुकडा विकला होता.

म्हणून डॉक्टरांना खरं आणि पूर्ण सांगा: कोणत्या वाहनाने, कुठून, कशी धडक दिली. नंबर माहीत असेल तर नंबर, नसेल तर ‘नंबर माहीत नाही’ हेही सांगा. पोलिसांची वाट बघत उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात 1989 सालीच स्पष्ट केलं आहे; सरकारी असो की खाजगी, जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं काम. शिवाय मे 2025 पासूनच्या कॅशलेस योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला अपघातापासून 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत उपचार मिळतात. ‘गाडी घसरली’ म्हणून वाचणार तरी काय?

माझ्याकडे फोन आला की मी पहिलं काम हेच सांगते: आत्ता उठा, केसपेपरचा आणि एमएलसी नोंदीचा (रुग्णालय पोलिसांसाठी करतं ती मेडिको-लीगल नोंद) फोटो काढा, ‘हिस्टरी’ची ओळ कुणाकडून तरी वाचून घ्या. चुकीची असेल तर त्याच दिवशी रुग्णालयाला लेखी अर्ज देऊन पोहोच घ्या आणि पोलिसांच्या जबाबात ती कशी आली ते सांगा. दुसऱ्या दिवशीची दुरुस्ती पटण्यासारखी असते. सहा महिन्यांनी केलेल्या दुरुस्तीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

जोडीला आणखी एक. निरीक्षण होईपर्यंत गाडी दुरुस्त करू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका.

दाखल्यावरचा टक्का म्हणजेच क्लेम, असं समजणं

‘मॅडम, 40 टक्के अपंगत्वाचा दाखला मिळाला, आता पैसे पक्के.’ हे वाक्य ऐकलं की मला पुढची सगळी भांडणं दिसायला लागतात.

सिव्हिल सर्जन किंवा वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावरचा आकडा शरीराच्या अपंगत्वाचा असतो, अनेकदा तर एका हातापुरता किंवा पायापुरता. न्यायाधिकरण बघतं ते वेगळंच: या माणसाची कमावण्याची ताकद किती गेली? राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक नीट उलगडला आहे. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ संपते. सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. दुखापत एकच, नुकसान वेगळं. पप्पू देव यादव प्रकरणात (2020) टायपिंग आणि डेटा एंट्री करणाऱ्या तरुणाचा हात गेला होता. उच्च न्यायालयाने कमाईचं नुकसान 45 टक्के धरलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने ते 65 टक्के केलं.

आता हिशेब मांडून बघा. 32 वर्षांचा, स्वतःचा धंदा असलेला माणूस, महिन्याची कमाई 18,000. प्रणय सेठी निकालाप्रमाणे (2017) चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारवाल्याच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे, झाले 25,200. वर्षाचे 3,02,400. सरला वर्मा निकालातल्या (2009) तक्त्यात या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला वयानुसार ज्याने गुणायचं तो आकडा, 16. म्हणजे 48,38,400. कमाईचं नुकसान 30 टक्के धरलं तर हातात येतात 14,51,520. 70 टक्के धरलं तर 33,86,880. मधले एकोणीस लाखांहून जास्त रुपये एकाच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहेत: हा माणूस आधी नेमकं काय काम करत होता आणि आता त्यातलं काय करू शकत नाही?

ते उत्तर दाखला देत नाही. डॉक्टरांनी साक्षीत सांगावं लागतं की घोटा कायमचा जखडला आहे, त्यामुळे क्लच दाबता येत नाही, उभं राहून काम होत नाही. मालकाने किंवा सोबतच्या कामगाराने कामाचं स्वरूप सांगावं लागतं. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच साक्षीला आणायचा माझा आग्रह असतो, त्यासाठी दोन तारखा जास्त गेल्या तरी चालतील. ‘आठ दिवसांत दाखला काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडे जाऊच नका. ज्याने कधी उपचार केले नाहीत अशा डॉक्टरचा तयार दाखला न्यायाधिकरणाने सावधपणे तपासावा, असं राजकुमार निकालातच म्हटलं आहे. एवढं असून लोक दर महिन्याला असे दाखले घेऊन येतात, कारण त्यांना लवकर हवं असतं.

डोक्याला मार लागलेल्यांचं याहून कठीण. माणूस इस्त्रीचा शर्ट घालून साक्षीला येतो, नाव-गाव बरोबर सांगतो, आणि समोरच्याला वाटतं, याला झालंय काय? घरी मात्र सकाळी जेवला की नाही हे त्याला दुपारी आठवत नाही, गॅस चालू ठेवून बाहेर जातो, पोरांवर हात उगारतो. सीटी स्कॅनमध्ये हे दिसेलच असं नाही. स्मरणशक्ती आणि वागणुकीची तपासणी मानसशास्त्रज्ञांकडून करून घ्यावी लागते. आणि मी घरच्यांना शंभर पानी वही घालायला लावते. रोज दोन ओळी: काय विसरला, काय केलं, रात्री किती वेळा उठला, कोण जागलं. एका बाईंची अशी वही न्यायाधीशांनी स्वतः मागून घेतली आणि पानं उलटत वाचली. बाईंना कोर्टात धड बोलताही येत नव्हतं, पण तारीखवार लिहिलेलं सगळं तिथे होतं.

फक्त झालेल्या खर्चाचीच बिलं जोडणं

बिलांची बेरीज केली, त्यावर ‘मानसिक त्रासाचे’ दोन लाख टाकले, झाला क्लेम! असे अर्ज बघून मला खरंच राग येतो. पॅराप्लेजियाच्या, म्हणजे कंबरेखालचं अंग निकामी झालेल्या रुग्णाला पुढे लघवीसाठी कॅथेटर (नळ्या) लागतात, पडून पडून जखमा (बेडसोर) होऊ नयेत म्हणून गादी लागते, फिजिओथेरपी लागते, लघवीचं इन्फेक्शन झालं की पुन्हा ॲडमिट करावं लागतं. कृत्रिम पाय जन्मभर टिकत नाही, ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो. हे सगळं पहिल्याच दाव्यात मागायला हवं, कारण अंतिम निवाडा झाल्यावर पुढच्या उपचारांसाठी पुन्हा मागणी करता येत नाही. नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग निकालात हे स्पष्ट आहे. त्याच निकालात हेही आहे की मागितल्यापेक्षा जास्त रक्कम न्यायाधिकरण देऊ शकतं. पण पुरावा असेल तर. त्यामुळे पुढच्या खर्चाचा अंदाज डॉक्टरांकडून लिहून घ्या.

शुश्रूषेचा खर्च तर लोक मागतच नाहीत. ‘आईच करते सगळं, माणूस कुठे ठेवलाय?’ आईने नोकरी सोडली, ती रात्रीतून चारदा उठून मुलाची कूस बदलते, याची किंमत शून्य कशी? काजल विरुद्ध जगदीशचंद (2020) हा निकाल प्रत्येक अशा कुटुंबाने वकिलाला दाखवावा. अपघाताच्या वेळी 12 वर्षांची असलेली मुलगी मेंदूच्या इजेमुळे पूर्ण परावलंबी झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने दोन मदतनिसांचा महिन्याला प्रत्येकी 5,000 रुपये खर्च धरला, त्यालाही 18 चा गुणक लावला आणि त्या एका सदराखाली 21,60,000 रुपये दिले.

बिलांबद्दल एकच: मेडिकलची छापील बिलं वर्षभरात पुसट होतात. त्याच आठवड्यात झेरॉक्स काढा आणि मूळ बिल मागे पिनने लावा.

लहान दिसणाऱ्या, पण फाईल बुडवणाऱ्या चुका

मुदत. 1 एप्रिल 2022 पासून दावा अपघाताच्या तारखेपासून 6 महिन्यांत दाखल करायचा आहे. या मुदतीवर सर्वोच्च न्यायालयात वाद चालू आहे, पण त्या भरवशावर बसू नका. उपचार चालू असले तरी अर्ज करता येतो, अपंगत्वाचा पुरावा नंतर देता येतो.

पोलीस करतील म्हणून थांबणं. पोलिसांनी सविस्तर अपघात अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि तोच अर्ज म्हणून धरता येतो. तो खरंच गेला का, ते स्वतः जाऊन विचारा.

‘अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला, तिकडे कोण हेलपाटे घालणार?’ तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही दावा चालतो.

गाडी पळून गेली म्हणून सोडून देणं. हिट अँड रन योजनेत गंभीर दुखापतीला 50,000 आणि मृत्यूला 2 लाख मिळतात. अर्ज महसूल अधिकाऱ्यांकडे करायचा असतो.

अपघातानंतर मागच्या तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न्स एकदम भरणं. कंपनीचे वकील भरल्याची तारीख पहिली बघतात. त्यापेक्षा बँक पासबुक, धंद्याची वही, गिऱ्हाइकाची साक्ष बरी.

हेल्मेट नव्हतं हे लपवणं. त्याने दावा आपोआप बुडत नाही. खोटं पकडलं गेलं तर मात्र बाकीच्या साक्षीवरचाही विश्वास उडतो.

रुग्णालयाच्या दारातच कोऱ्या कागदांवर सह्या घेणाऱ्याला वकीलपत्र देणं. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मना आहे. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुलं आणि अपंग व्यक्तींना तिथे मोफत वकील मिळतो.

लोकअदालतीत घाईने सही करणं

माझा लोकअदालतीला विरोध नाही. हाड मोडलं, जुळलं, माणूस कामावर परतला, अशा केसमध्ये मी स्वतः तडजोड सुचवते. पण ज्याचं तिसरं ऑपरेशन अजून बाकी आहे, त्याने कर्जवाल्याच्या तगाद्याखाली सही करू नये. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. सहीपूर्वी मी कुटुंबाला एका कागदावर तीन आकडे लिहून देते: वरच्या पद्धतीने निघणारी रक्कम, कंपनी देते ती रक्कम, आणि पुढच्या पाच वर्षांच्या उपचारांचा अंदाज. तो कागद घरी न्यायचा, रात्रभर विचार करायचा आणि सकाळी सांगायचं. कंपनीची ऑफर तोवर थांबते. ‘आत्ताच्या आत्ता, नाहीतर काही नाही’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला मी बाहेर बसवते.

निवाडा झाल्यावर मोठी रक्कम बहुधा मुदत ठेवीत ठेवायचा आदेश असतो. ती मोडण्यासाठी अर्ज करायला सांगणारे नातेवाईक भेटतील; उपचारापलीकडच्या कारणासाठी तो अर्ज मी करत नाही. आणि रक्कम कमी वाटली तर निवाड्याची प्रत घेऊन लगेच वकिलाकडे या, उच्च न्यायालयात अपील करायला 90 दिवस असतात.