रँकिंगचा तक्ता ही पिक लिस्ट नव्हे: एफआरसीत गुण कसे मोजावेत, जोडीदार कसे निवडावेत

एफआरसीत, म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स काँपिटिशन या विद्यार्थ्यांच्या रोबोट स्पर्धेत, तीन-तीन टीमच्या दोन अलायन्स (गट) एकमेकांविरुद्ध खेळतात. क्वालिफिकेशनचे (प्राथमिक फेरीचे) जोडीदार वेळापत्रक ठरवतं आणि प्लेऑफचे (बाद फेरीचे) कॅप्टन निवडतात. दोन्हीकडचा हिशेब वेगळा असतो. 2024 च्या ‘क्रेसेन्डो’ खेळात हे स्पष्ट दिसतं.

टेलिऑपमध्ये (चालक रोबोट चालवतात त्या भागात) स्पीकरला, म्हणजे उंचावरच्या मोठ्या लक्ष्याला, टाकलेल्या नोटचे (फोमच्या केशरी रिंगचे) 2 गुण, अँपला, म्हणजे बाजूच्या खालच्या लक्ष्याला, टाकलेल्या नोटचा 1. अँपमध्ये दोन नोट झाल्या की ह्यूमन प्लेयर (मैदानाच्या कडेला उभा असलेला टीमचा खेळाडू) बटण दाबू शकतो. त्यानंतर 10 सेकंद (हाच वाढीव वेळ) स्पीकरची नोट 5 गुणांची होते, पण चारच नोटांपर्यंत. सहा नोट सरळ स्पीकरला टाकल्या तर 12 गुण. दोन अँपला आणि चार त्या 10 सेकंदांत टाकल्या तर 2 + 20 = 22. वाढीव वेळात एकच गेली तरी तीन नोटांचे 6 ऐवजी 7 होतात. एकही गेली नाही, तर मात्र 4 गुणांच्या जागी 2 हातात राहतात. रोबोटला एका वेळी एकच नोट बाळगता येते, त्यामुळे नियम साधा ठेवा: दोन रोबोट नोट घेऊन नेमबाजीच्या टप्प्यात आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. इशारा कोच देईल, आणि तोही एकच कोच. दोघे ओरडू लागले की बटण हमखास लवकर दाबलं जातं.

क्वालिफिकेशनमध्ये रँकिंग पॉइंटही (क्रमवारी ठरवणारे गुण) जपावे लागतात. या खेळात विजयाचे 2, 18 नोटांचा 1 (को-ऑपर्टिशन, म्हणजे दोन्ही अलायन्सचं ठरलेलं सहकार्य, झालं तर 15 नोटा पुरतात), आणि स्टेजवर (साखळ्या लावलेल्या चौकटीवर) 10 गुण व किमान दोन रोबोट साखळीवर लटकलेले असतील तर आणखी 1. यात एक खड्डा आहे. दोन रोबोट एकाच साखळीवर (चढाईचे 3 + 3, साखळी एकच असल्याचे 2) आणि तिसरा खाली पार्क (1), म्हणजे 9 होतात. एका गुणाने पॉइंट जातो. म्हणून सामन्याआधीच ठरवा: स्टेजवरच्या ट्रॅप नावाच्या खाचेत नोट (5 गुण) कोण टाकणार, की तिसराही चढणार?

प्लेऑफमध्ये हे पॉइंट उरत नाहीत. तिथे चढाईचे 3 गुण एका वाढीव नोटेपेक्षा कमी आहेत. शेवटच्या 20 सेकंदांत वाढीव वेळ हाताशी असेल, तर नोट टाकत राहणं फायद्याचं. उत्तम चढणाऱ्या रोबोटमुळे वर आलेली टीम म्हणूनच पिक लिस्टमध्ये (जोडीदार निवडण्यासाठी केलेल्या यादीत) खाली जाऊ शकते.

स्काउटिंगला (सामने पाहून रोबोटांच्या नोंदी ठेवायला) सहा जण बसवा, प्रत्येकाकडे एक रोबोट. ऑटोमधल्या (सुरुवातीच्या स्वयंचलित भागातल्या) नोटा, स्पीकर, अँप, चुकलेले नेम, बंद पडलेला वेळ आणि त्याचं कारण, एवढं पुरे. कारण जरूर लिहा: बॅटरीची सैल वायर रात्रीत दुरुस्त होते, वाकलेला आर्म बहुधा होत नाही. सरासरीबरोबर शेवटचे चार सामने वेगळे पाहा. ओपीआर (टीमचा गुणांतला वाटा दाखवणारा) आकडा यादीच्या सुरुवातीला ठीक, पण तो अलायन्सच्या एकूण गुणांवरून काढलेला अंदाज असतो. नोटा पास करणाऱ्या किंवा बचाव करणाऱ्या रोबोटचं काम त्यात नीट उतरत नाही.

निवड सापासारखी चालते: पहिल्या फेरीत 1 ते 8, दुसरीत 8 ते 1. म्हणजे पहिल्या अलायन्सचा तिसरा रोबोट हा प्लेऑफमध्ये जाणारा 24 वा, अगदी शेवटचा. लिस्ट किमान तितकी खोल हवी. रँक 9 ते 15 च्या टीमनीही ती करावी. वरच्यांनी एकमेकांना निवडलं तर कॅप्टन खाली सरकतात, आणि तसं होत गेलं तर पंधरावी टीमही आठव्या अलायन्सची कॅप्टन होऊ शकते. तयारी नसलेली टीम अशा वेळी मैदानात उभी राहून ओळखीचं नाव पुकारते, आणि दिवसभराचं स्काउटिंग वाया जातं.

नकार देणाऱ्या टीमला पुन्हा कोणी निवडू शकत नाही, तिला फक्त कॅप्टन होता येतं. म्हणून पहिला कॅप्टन दुसऱ्या-तिसऱ्या टीमला, नकार येणार हे ठाऊक असूनही विचारतो. त्यांनी नकार दिला की त्या एकत्र येऊ शकत नाहीत.

दोन लिस्ट करा. पहिल्या पिकसाठी नोटांचा वेग बघा. दुसऱ्या पिकसाठी मात्र प्रश्न बदला: सोर्सकडून (नोटा मैदानात येतात त्या कोपऱ्यातून) नोटा आपल्या विंगमध्ये (मैदानाच्या आपल्या बाजूला) सरकवेल का? फाउल न करता बचाव करेल का? या खेळात टेक फाउल (मोठा फाउल) 5 गुणांचा, म्हणजे एका वाढीव नोटेची कमाई एका धडकेत जाते. दोन वेगवान नेमबाजांशेजारी तिसराही नेमबाज घेतला, तर स्पीकरसमोर तिघांची गर्दी होते.

निवड झाल्यावर आधी ऑटो ठरवा. विंगमध्ये तीनच नोटा असतात, मधल्या रेषेवर पाच. दोन रोबोटांना त्याच तीन हव्या असतील तर ते एकमेकांवर आदळतील. कोण कुठून सुरुवात करणार, कोणती नोट कोणाची, हे कागदावर लिहा. ज्याचा प्रोग्राम बदलता येत नाही त्याला नुसतं पुढे सरकू द्या. त्याचे 2 गुण मिळतात, आणि वाट मोकळी राहते.